पुराव्याच्या अकरा चिंध्या

आपल्या प्रत्येकाच्या घरात, नाहीतर शेजारी, असा एक माणूस असतोच, ज्याचा जगात काही सरळ चाललंय यावर विश्वासच बसत नाही. भांडारसाहेब त्यातलेच. तीस वर्षं एका कारखान्याचं गोदाम सांभाळून ते निवृत्त झाले, पण गोदाम काही डोक्यातून निघेना. अंगाचा साबण लवकर झिजला तरी घरात चौकशी बसायची.

"अहो, हात धुतले की साबण झिजतो," बायको सांगायची.

"एवढा?" साहेब विचारायचे आणि वडी उजेडात धरून बघायचे.

अशा माणसाच्या खिडकीसमोर तळं असावं, हे त्या तळ्याचंच दुर्दैव! तळ्याच्या कडेनं माणसाच्या उंचीचा लव्हाळा वाढलेला होता. एके काळी वस्तीत घरोघरी त्याच्या चटया विणत. मग प्लास्टिकच्या चटया आल्या, विणणारे हात थांबले आणि तळ्यात कचरा पडायला लागला. तीन वर्षांपूर्वी चटईवाल्या ताईंनी वस्तीतल्या बायकांना गोळा केलं, तळं उपसून साफ केलं, विसरत चाललेली वीण सगळ्यांना शिकवली आणि पाणी खात्याकडून तळ्याची राखण वस्तीच्या समितीकडे मागून घेतली. ती मुदत आता संपत होती. सोमवारी सुनावणी होती. समितीचा गैरकारभार सिद्ध झाला, तर तळं नौकाविहाराच्या एका कंपनीकडे जाणार होतं.

आणि तक्रारीचा अर्ज दिला होता आपल्या साहेबांनी!

"राखण म्हणे!" ते खिडकीतून बघत म्हणत. "रोज भारेच्या भारे बाहेर जातात. आत काय येतं? काही नाही. आमच्याकडे याला चोरी म्हणायचे."

"चटया विणतात हो त्या."

"एवढ्या लव्हाळ्याच्या? बाकीचा कुठे जातो, विचारलंस कधी?"

"मी कशाला विचारू? तुम्ही आहात की घरात."

पण विचारणार कोण? साहेब फक्त बघत होते. बघता बघता त्यांना लव्हाळ्यात जागोजागी बांधलेल्या लाल चिंध्या दिसल्या आणि त्यांच्या मनात पाल चुकचुकली. गोदामात ज्या मालाचा सौदा झाला, त्यावर लाल पट्टी बांधायची पद्धत होती. म्हणजे इथेही वाटे पडले होते! हा तुझा, हा माझा! काठावरच्या एका बाईला त्यांनी हटकलं, तर ती "ताईंना विचारा, साहेब," म्हणून भारा उचलून चालती झाली. आता ताईंना काय विचारायचं? चोराला कुणी विचारतं का?

सोमवारी उजाडताच साहेब पॅन्ट दुमडून चिखलात उतरले. अकरा चिंध्या सोडल्या. जित्याची खोड, तीही शिस्तीची. प्रत्येक चिंधी कुठून सोडली, ते वहीत टिपून ठेवलं. दहा वाजता पाणी खात्याच्या कार्यालयात त्यांनी ते ओलं बोचकं अधिकाऱ्यांच्या टेबलावर आपटलं.

"हा घ्या पुरावा! तळ्याचे हिस्से पाडून खातायत ही मंडळी."

समोर बसलेल्या ताई ताडकन उठल्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. साहेबांना वाटलं, सापडली!

"दादा, या कधी सोडल्या तुम्ही?"

"आज सकाळी. का?"

"अहो, तिथे अंडी आहेत!"

खोलीत कुणालाच काही कळेना. ताई घाईघाईनं बोलत होत्या. पाणकोंबडीनं जिथे घरटं केलं, तिथे त्या चिंधी बांधत. चिंधीपासून चार हातांच्या आत विळा चालवायचा नाही, असा समितीचा नियम होता. "आणि आत्ता बायका त्याच बाजूला कापायला उतरल्यात! चिंधी दिसली नाही तर त्या थांबतील कशाला?"

ताईंनी फोन लावून पाहिला. पाण्यात उतरणाऱ्या बायकांचे फोन काठावर पिशव्यांत होते. कुणी उचलेना.

अधिकाऱ्यांनी जीप काढली. साहेब वही घेऊन मागे चढले. काठावर पोचताच ताई ओरडल्या, "थांबा! विळे खाली ठेवा!" साहेब वही वाचू लागले. चौथ्या पायरीपासून बारा पावलं. मोडक्या खांबाच्या डावीकडे. एकेक घरटं सापडत गेलं. दहा घरटी शाबूत होती.

अकराव्या जागी लव्हाळा आडवा पडला होता. घरटं पाण्यात उलटलं होतं, फुटलेली अंडी तरंगत होती आणि पाणकोंबडी भोवती फिरत एकसारखी ओरडत होती. विळा टाकून एक बाई रडत उभी होती. "चिंधी नव्हती हो ताई. मी नीट बघितलं होतं."

साहेब गप्प बसू शकले असते. पण त्यांना ते रडणं ऐकवेना.

"चूक तुमची नाही," ते म्हणाले. "चिंधी मी सोडली."

ताईंनी त्या बाईला धरून काठावर आणलं. मग साहेबांनी त्यांना चाचरत विचारलं, "पण मुळात कापताच कशाला? राहू द्यावं ना सगळं तसंच."

"न कापलेला लव्हाळा पाण्यात पडून कुजतो, दादा. तळं भरत जातं. मग पक्षी नाही, चटई नाही, पाणीही नाही. तुमच्या गोदामातला माल कुणी हात लावला नाही म्हणून टिकायचा. तळं हात लागला तर टिकतं. फक्त त्या हाताला त्याची माया पाहिजे."

"आणि बाकीचा लव्हाळा?"

"गोठ्यांत अंथरायला जातो, छपरांवर जातो. एकदा विचारलं असतंत तर घरी बोलावून दाखवलं असतं. लक्ष ठेवणारा माणूस आम्हालाही हवाच होता हो! पण खिडकीत बसून नाही."

साहेबांनी तिथेच, जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून तक्रार मागे घेतली. घरटं का मोडलं, तेही खाली स्वतःच्या हातानं लिहिलं. अधिकाऱ्यांनी समितीची मुदत वाढवली.

"उद्या किती वाजता यायचं?" साहेबांनी ताईंकडे न बघता विचारलं.

"सहाला. जुने कपडे घालून या."

बंधुभगिनींनो, आपल्या गावचं पाणी, झाडं, पाखरं आणि हातातली कला सरकारी कुलुपात टिकत नाही. रोज त्यात वावरणारी माणसंच ती टिकवतात. त्या माणसांवर नजर जरूर ठेवा, शंकाही जरूर घ्या. पण शंका घेऊन आधी त्यांच्या दारात जा, कार्यालयाच्या दारात नंतर. साहेब ते शिकले, पण त्या पाणकोंबडीची अंडी काही परत आली नाहीत.