मुंडावळ्या बांधलेलं विमान

साहेब, तुम्ही विमान पाठवलंच नाही. तुम्ही त्याचा फोटो पाठवला. तो फोटो माझ्या पोटात तयार झाला, म्हणून मी हे तोंडावर सांगू शकतो.

मित्रांनो, तुम्ही दचकू नका. एवढं बोलणं पाऊस पाडायला विमान पाठवणार होते त्या सरकारी साहेबांसाठी होतं. मी अंजनगाव सुर्जीच्या बाजारातल्या फोटो स्टुडिओतला जुना कॉम्प्युटर. अकोल्याच्या जुन्या शहरातल्या एका गल्लीत, मेलेल्या कॉम्प्युटरांचे अवयव जोडून मला उभं केलं. माझा मॉनिटर एवढा जाडजूड, की गिऱ्हाईक विचारायचं, "याच्यावर सिनेमा लागते काय?"

स्टुडिओ अब्दुल गफ्फार यांचा. माझ्याआधी तिथं भिंतीवर विमान रंगवलेलं होतं. त्याच्या खिडकीला भोक. पाठीमागून तोंड काढायचं की फोटो. लग्न झालं की नवरदेवाला विमानात बसवायचंच, असा आमच्याकडचा रिवाज. पण भिंतीला ओल धरली आणि विमानाचे पोपडे निघाले. गफ्फारभाई हळहळले. त्यांची मुलगी लुबना म्हणाली, "अब्बा, भिंत राहू द्या. विमान मी याच्यातून उडवते."

एका मासिकासोबत फुकट आलेली सीडी तिनं माझ्यात घातली. चित्रं कापायचं, जोडायचं सॉफ्टवेअर होतं त्यात. शिकवायला कोणी नाही. अकोल्याच्या सायबर कॅफेतून तिनं फ्लॉपीवर विमानाचा फोटो आणला. माऊस धरून शेपटीभोवती, पंखांभोवती टिंबाटिंबानं रेघ फिरवली आणि बाकीचं आभाळ पुसून टाकलं.

विमान उरलं. नुसतं विमान. मागं बुद्धिबळाच्या पटासारखे करडे चौकोन. ते चौकोन म्हणजे 'इथं काहीच नाही' अशी माझी खूण. त्या काहीच नसण्यात ते पांढरं धूड असं तरंगत होतं, की गफ्फारभाई स्टुलावरून उठून उभे राहिले. "सुभानअल्ला," म्हणाले.

मग लुबनाला कळलं की प्रत्येक चित्र ही एक काच आहे. काचेवर काच ठेवायची. खाली आभाळ, वर विमान, खिडकीत माणूस. प्रत्येक काचेच्या बाजूला एक छोटा डोळा असतो. तो मिटला की ती काच गायब, उघडला की हजर. मित्रांनो, मी यंत्र आहे, पण त्या दिवशी मलाच माझं नवल वाटलं.

गावाबाहेर शेत असलेल्या दुर्गाबाईंचा मुलगा नितेश याचं लग्न झालं. लुबनानं त्याला मुंडावळ्यांसकट खिडकीत बसवलं. दुर्गाबाई पडद्याला नाक लावून बघत राहिल्या.

"माहा नितेश यष्टीत बसला की ओकते," त्या म्हणाल्या, "अन् इथं पाह्य कसा हासून राहिला!"

"मौसी, माह्या विमानात कोणीच ओकत नाही," लुबना म्हणाली.

मग ते साल आलं. पाऊस लांबला. गावोगाव बोलणं सुरू झालं, की सरकारी विमान येणार, ढगांत भुकटी फवारणार आणि पाऊस पाडणार. दुपारी उंचावरून कुठलंही विमान गेलं, की बाजारातले लोक हातातलं काम टाकून बाहेर धावायचे. दुकान रिकामं, आत मी एकटा. मित्रांनो, मी आभाळ कधीच पाहिलेलं नाही. मी पाहिले ते आभाळाकडं बघून परत आलेले चेहरे. एवढ्या उंचीवर माणूस जातो, ढगाला हात घालतो! त्या चेहऱ्यांवर ते लख्ख दिसायचं. मलाही खरं वाटायचं.

तेव्हा साहेब, तुमचा माणूस आला.

"साहेबाले फोटो पाह्यजे. खाली अंजनगावचं वावर, वर काळे ढग, मधात विमान."

"विमान आलं काय?" लुबनानं विचारलं.

"येते ना. पाटीवर लावायले फोटो आधी लागते."

लुबनानं दुर्गाबाईंच्या वावराचा फोटो काढून आणला. धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची बाभूळ, मचाण, तापलेली काळी माती. वरचं पांढरंफटक आभाळ तिनं कापून टाकलं. ढग घेतले चिखलदऱ्याच्या एका सहलीच्या फोटोतले. आणि विमान तिच्याजवळ एकच होतं, लग्नाचं. विमान आणि नितेश यांची काच तिनं तेव्हाच एक करून ठेवली होती, म्हणून तिनं खिडकीतून नितेशला पुसलं. तुमचा माणूस बघून म्हणाला, "वा! हे तं खऱ्याहून खरं आहे!"

पाटी लागायच्या आधीच तो फोटो पेपरात आला, लहानसा. खाली छापलं होतं, 'अंजनगाव शिवारावर विमानाची फेरी, ढगांत फवारणी पूर्ण.' लुबनानं वाचलं आणि धावत तुमच्या कचेरीत गेली. तुम्ही भेटला नाहीत. तुमचा माणूस म्हणाला, "छापणाराची चूक झाली. तू तुह्यं काम पाह्य."

तिकडं दुर्गाबाईंनी पेपरात आपली बाभूळ ओळखली. "बापा! माह्याच वावरावरून गेलं अन् म्या पाह्यलं नाही! मी त्या दिशी बाजारात होती!" पाऊस पक्का आहे असं दिसलं की आमच्याकडं आधीच कोरड्या मातीत बी टाकतात. त्याला धूळपेर म्हणतात. आभाळानं शब्द दिला असं समजून केलेली पेरणी. दुर्गाबाईंनी जपून ठेवलेली सगळी सरकी धुळीत पेरली. वर्षाचं सगळं बी तेवढंच होतं. नंतर नुसता शिडकावा झाला. बी फुगलं, कोंब फुटले आणि उन्हानं जागीच करपले.

मग बसस्टँडवर तुमची मोठी पाटी लागली. नितेशनं मान वर केली आणि तिथंच थबकला. विमानाच्या खिडकीत पांढऱ्या मण्यांची एक सर लोंबत होती. पांढऱ्या विमानावर लुबनाला पुसताना दिसली नव्हती ती. त्याच्या मुंडावळ्या.

मायलेक दुकानात आले. लुबना रडायलाच लागली. "मौसी, विमान मीच बसवलं. पण ते येणार आहे, असंच मले सांगतलं होतं."

"तुले कोन विचारून राहिलं, पोरी?" दुर्गाबाई स्टुलावर बसल्या. "काढ त्याले."

लुबनानं विमानाचा डोळा मिटला. विमान गेलं.

"ढग काढ."

ढग गेले. खाली त्यांचं वावर, बाभूळ, मचाण. वर करडे चौकोन.

"हे काय?"

"इथं काहीच नाही, असं सांगते ते."

दुर्गाबाई बराच वेळ त्या चौकोनांकडं बघत राहिल्या. विमानाकडं बघायच्या, तशाच. मग म्हणाल्या, "हेच छापून दे."

मित्रांनो, आपली कहाणी सांगणारी वस्तू शेवटी म्हणते, मला जपा. मला नका जपू. माझा पडदा पिवळा पडला, कीबोर्डच्या कळा गेल्या, भंगारात द्या. पण फोटो दिसला की त्याच्या काचा मोजा आणि खालची काच कुणाची आहे ते विचारा.

साहेब, दुर्गाबाईंनी तो कागद तुमच्या टेबलावर ठेवला. खाली वावर, वर कोरं पांढरं; माझे चौकोन कागदावर उमटत नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या, "इमान कोन्या बाजूनं गेलं, बोट ठेवून दाखवा." तुम्ही पंख्याकडं बघितलंत.

कागद अजून तिथंच आहे. बाई अजून दर बाजाराच्या दिवशी तुमच्या कचेरीच्या दारात येऊन उभ्या राहतात.

साहेब, बोट ठेवा.