सांगलीतली खोली

जिनपाल मास्तर बाहेर जेवू लागले, तेव्हाच राजमतीच्या मनात पाल चुकचुकली. बत्तीस वर्षं सूर्य मावळायच्या आत तिच्या हातचं खाणारा हा माणूस! आता दर गुरुवारी तासगावहून सांगलीला जातो आणि दिवेलागणीला येऊन सांगतो, "तिकडंच जेवलो." तिकडं म्हणजे कुठं? वाढतंय कोण?

शाळेतनं रिटायर झाल्यावर मास्तरांनी फोटोचा नाद धरला होता. दोन भिंगांचा तो अवजड, रोलचा कॅमेरा तिनं कसाबसा सोसला. पण परवा मोबाईलवरचं बोलणं कानावर पडलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"खोली मनासारखी मिळंना, हंबीरराव. आणि राजमतीला एवढ्यात कळू देऊ नगा."

खोली! साठी उलटली आणि म्हातारचळ लागला!

या गुरुवारी ती मागच्या एसटीनं निघाली. हंबीररावांचा सांगलीतला बंद पडलेला फोटो स्टुडिओ तिला ठाऊक होता. दार ढकलून तडक आत घुसली.

"कुठाय ती?"

मास्तर दचकले. "कोण ती?"

"जिच्यासाठी खोली घेताय ती!"

हंबीरराव पोट धरून हसले. "आवं वहिनी, ही खोली राहायची न्हवं, बघायची! मास्तरांच्या कॅमेऱ्यात एका टायमाला दोन फोटो निघत्यात. एक डाव्या डोळ्याचा, एक उजव्याचा. दोन्ही जुळलं की चित्राला खोली येती." त्यांनी ते फोटो जुळवून बघायचा दोन भिंगांचा डबा तिच्या हातात दिला. टेबलावर केळ्याच्या साली पडल्या होत्या. मास्तरांचं जेवण ते एवढंच.

राजमतीनं डबा डोळ्यांना लावला. आधी दोन चौकोन नुसते हलले, मग एकमेकांत शिरले. बेदाणा सुकवायचं शेड, पार आतपर्यंत गेलेल्या जाळ्या आणि पुढ्यात पदर खोचून ती स्वतः. हात लांबवला तर खांद्याला लागेल, इतकी जवळ. अगंबाई! तिला हसू फुटलं.

"मग ह्यात लपवायचं काय हुतं?"

मास्तर खाली बघत म्हणाले, "डाव्या डोळ्यात काचबिंदू हाय. वरीसभरात डोळा जाईल म्हणाले डॉक्टर. एका डोळ्यानं सगळं सपाट दिसतंय गं. दोन्ही हायत तवर, मला तू कशी दिसतीस ते तुला दाखवून ठेवावं म्हटलं."

राजमतीनं डबा डोळ्यांवरून काढला नाही. आतलं चित्र पाण्यात बुडालं होतं. बाई असती तर झिंज्या धरून बाहेर काढली असती. ह्याला काय करायचं?