तीन मुळं

"मार्कसकाका, ही रेषा खाली कुणी ओढली?"

रविवारचा मिस्सा आटोपून मार्कस नुकताच टेबलाशी बसला होता. जयाबाई अंधेरीच्या कॉलेजात गणित शिकवायच्या. त्यांच्या बहुपदींवरच्या पुस्तकातले आलेख तो शाईत उतरवत होता. विक्रोळीच्या कारखान्यात तीस वर्षं ट्रेसर म्हणून त्यानं साहेबांच्या पेन्सिलीवर शाई फिरवली, पण एकाही कागदावर त्याचं नाव आलं नाही. या पुस्तकात येणार होतं. आणि आता हा आलेख चुकलेला बघून बाई बाकीचे कागद परत न्यायला पिशवीत भरत होत्या.

"मीच वडली," तो म्हणाला. "तुमी बाजूला लिवलाय, तीन मुलं. रेघ टेकते एकाच जागंला. मना वाटला, बायचा कायतरी रायला."

गावठाणात 'ळ' कुणाच्याच जिभेवर बसत नाही, तिथं मुळांची मुलं व्हायचीच. आगाऊपणा खरा, पण मायेचा. बाईंचा निम्मा राग तिथंच उतरला.

"तीनच आहेत, पण वास्तव एकच. तिथं रेषा अक्षाला छेदते. उरलेली दोन संमिश्र. ती या कागदावर दिसत नाहीत."

"मंग मोजायची कशाला?"

"मोजावीच लागतात. रेषा खाली येते आणि न टेकता परत वर वळते ना, ती त्यांच्यामुळंच. ती नेहमी जोडीनं असतात."

स्वयंपाकघरात त्याच्या बायकोचा, क्लाराचा, पाट्यावरचा हात थांबला. तिनं मुळांचं नाही, मुलांचंच ऐकलं होतं. लेक ल्युसीच्या आधी तिला जुळे झाले होते, नऊ दिवस जगले. कुणी विचारलं की मार्कस एकच मूल सांगायचा. त्या दिवशी ती त्याच्याशी बोलायची नाही.

ती हात पुसत दारात आली. "बाय, दिसत नाय तरी मोजतान?"

"मोजतात," बाई म्हणाल्या. "वगळली तर उत्तर चुकतं."

मार्कस बायकोकडे बघू शकला नाही. त्यानं ब्लेडनं चुकलेली रेषा खरवडली. "आन एकदा काढू द्या, बाय. नाय पटली तर न्या सगले कागद."

क्लारानं येऊन कागदाचा कोपरा दाबून धरला. पेन उतरत अक्षाजवळ आलं.

"टेकवू नको," ती हळूच म्हणाली.

रेषा वर वळली. जयाबाईंनी पिशवीत भरलेले कागद काढून पुन्हा टेबलावर ठेवले. शाई वाळली तरी क्लारानं कोपऱ्यावरचा हात काढला नाही.