चारशे काय?

तिने घडी उलगडून कागद बाबांच्या मांडीवर ठेवला आणि पेन्सिल त्यांच्या डाव्या हातात दिली. उजवा हात अर्धांगाचा झटका आल्यापासून उशीवर पडून असे, दुसऱ्याच कुणाचा तरी असल्यासारखा.

“उद्याचा हिशोब आहे. बघता?”

बाबांनी कागद डोळ्यांजवळ नेला. ती खिडकीपाशी जाऊन वाळलेले कपडे काढू लागली. समोर बसून वाट बघायचं धाडस आता तिच्यात उरलं नव्हतं.

एके काळी हा माणूस उडत्या पाखराची पिसं मोजणारा. साबणाच्या कारखान्यात सगळी द्रावणं त्यांच्या नजरेखालून जायची. घरीही तेच. लहानपणी तिने गणिताचं उत्तर नुसतं ‘बारा’ लिहिलं, की वहीवर टकटक करून विचारायचे, “बारा काय? मांजरं?” मग ती रडकुंडीला येऊन ‘मीटर’ लिहायची. त्याच कारखान्यात आता ती इंजिनिअर होती, आणि बाबा या खुर्चीत.

डोकं कामात ठेवा, असं डॉक्टर म्हणाले होते. म्हणून तिने युक्ती काढली. रोज एक हिशोब आणायचा आणि त्यात मुद्दाम एक चूक पेरायची. कधी शून्य गाळलं, कधी ग्रॅमचे किलो करताना शंभराने भागलं, एकदा तर टक्के चक्क एकशेवीस दाखवले. बाबा कागद बघत आणि म्हणत, “बरोबर.” एकशेवीस टक्क्यांनासुद्धा बरोबर! त्या दिवशी ती स्वयंपाकघरात जाऊन नळ मोठा सोडून रडली होती. बाबा गेले नव्हते, पण तिचे बाबा गेले होते, आणि हे दुःख सांगायचं तरी कुणाला?

आजच्या कागदात मात्र काही पेरलेलं नव्हतं. उद्या पहिल्यांदा तिच्या एकटीच्या सहीने टाकी भरायची होती. दिवसभर त्याचंच टेन्शन, त्यात खोट्या चुका पेरायला डोकं कुठून आणायचं? आहे तोच हिशोब तिने पुढे केला होता.

“चूक,” बाबा म्हणाले.

तिच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. कोपऱ्यात बसून भाजी चिरता चिरता आईची सुरीही थांबली. चुका पेरण्याची भानगड आईला ठाऊक होती. तिने आशेने लेकीकडे पाहिलं, आणि लेकीने हळूच मान हलवली. नाही. आज काहीच नाही.

म्हणजे आता बरोबरही त्यांना चूक दिसू लागलं. पण तोंडावर काही दिसू न देता ती त्यांच्याजवळ स्टूल ओढून बसली.

“बाबा, हजार किलो द्रावण हवंय, वीस टक्क्यांचं. म्हणजे त्यात कॉस्टिक सोडा दोनशे किलो. आपल्याकडे येतं ते निम्मं कॉस्टिक, निम्मं पाणी. तेव्हा ते चारशे घ्यायचं आणि वर सहाशे किलो पाणी. झालं की!”

बाबांनी पेन्सिलीने कागदावर टकटक केलं. ओठ एका बाजूला ओढले गेले. शब्द कुठून तरी खोलातून वर यायला वेळ लागला.

“चारशे काय? मांजरं?”

आईच्या हातून सुरी ताटात पडली.

“किलो,” तिने उत्तर दिलं, आणि मग पेन्सिल जिथे टेकली होती तिथे पाहिलं. तिच्याच अक्षरात लिहिलं होतं: मीटरवर चारशे. रोज हे द्रावण काट्यावर तोलत. काटा दुरुस्तीला गेला, म्हणून उद्या ते पंपाच्या मीटरवर मोजायचं होतं. आणि मीटर दाखवतो लिटर. पाण्याचा लिटर एक किलोचा, तेव्हा ती सवय हाताला लागलेली. पण हे घट्ट द्रावण जड, लिटरला दीड किलो भरणारं.

“बाप रे! सहाशे किलो गेलं असतं टाकीत.”

“पंचवीस टक्के,” बाबा म्हणाले. “साबणाने... लोकांची सालटी निघाली असती.”

तिने चारशेला दीडने भागलं. दोनशे सदुसष्ट. घाईत आकडा ओळीबाहेर गेला. चूक झाली होती तिची, तीही धडधडीत, आणि तिला आनंद आवरत नव्हता. आई पदराने डोळे पुसत होती आणि कांद्याला दोष देत होती. ताटात भेंडी होती.

“पण बाबा,” तिने न राहवून विचारलं, “मग एकशेवीस टक्क्यांना बरोबर कसं म्हणालात?”

बाबांचा चांगला डोळा बारीक झाला.

“ताकाला जाऊन... भांडं लपवत होतीस. मला... परीक्षा आवडत नाही.” त्यांनी दम घेतला. “त्या चुका कागदावरच राहणार होत्या. ही टाकीत गेली असती.”

बाबांनी पेन्सिल तिच्या बोटांत खोचली आणि दोनशे सदुसष्टच्या पुढची मोकळी जागा दाखवली.

तिने लिहिलं, ‘लिटर’.

“बरोबर,” बाबा म्हणाले.