अकराव्या गड्याचा सदरा

मी एक सदरा आहे. शिडाच्या जाड कापडाचा, छातीवर दोरीनं आवळायचा. उत्तर कॅरोलायनात, गुलामीत जन्मलेल्या आईबापांची पोरं जिथं शिकत, त्या छोट्या कॉलेजातल्या शिवणवर्गात मी जन्मलो. चेंडू हातात घेऊन पळायच्या अमेरिकी फुटबॉलचा संघ तिथं पहिल्यांदाच उभा राहत होता. मुलींनी खांद्यांत कापूस भरून अकरा सदरे शिवले.

मी आलो एल्बर्ट पेटिफर्डच्या वाट्याला. चेंडू बगलेत मारून समोरच्या गड्यांच्या भिंतीत घुसायचं, हे त्याचं काम. पडला की त्याच्यावर दहा जणांचा ढीग, आणि सगळ्यांत खाली आम्ही दोघं.

पहिला सामना आम्ही सपाटून हरलो. दुसऱ्यात ढिगाखाली काहीतरी कडकन मोडलं. एल्बर्टचा डावा हात. डॉक्टरनं माझी बाही उभी चिरली, तेव्हा कुठं तो सुटला.

"बस झालं," प्राचार्य मेबेन म्हणाले. "पोरं शिकायला आलीत, हाडं मोडून घ्यायला नाही."

कप्तान रॅन्सम मला घेऊन एल्बर्टच्या घरी गेला. त्याची आई, सिल्वीमावशी, लोकांच्या कपड्यांना इस्त्री करत होती.

"मावशी, माफ करा."

"हात तू मोडलास?"

"नाही."

"मग तोंड पाडून काय उभा राहिलास? शेवटचा सामना कधी आहे?"

"आता कसला सामना? सरांनी खेळच बंद केला."

मावशीनं इस्त्री खाली ठेवली, मला काखेत मारलं आणि थेट प्राचार्यांचं दार वाजवलं.

"प्राचार्यसाहेब, एल्बर्टच्या बापाची बोटं लाकडाच्या गिरणीत गेली. गिरणी कुणी बंद केली नाही. तिथं राबणं दुसऱ्यासाठी होतं, हा खेळ पोरांचा स्वतःचा आहे. तो अर्ध्यावर टाकायला शिकवणार का त्यांना?"

मेबेननी माझी चिरलेली बाही हातात घेतली. मग म्हणाले, "पण अकरावा गडी कुठून आणायचा?"

"गडी तुम्ही बघा. सदरा मी शिवून देते."

गडी मिळाला थॅडियस. चर्चमध्ये बाजा वाजवणारा, माझ्यात दोनदा मावेल एवढा किडकिडीत. सामन्याच्या दिवशी बर्फ पडत होता. थॅडियस आपटला, उठला, पुन्हा आपटला. हात गळ्यात बांधलेला एल्बर्ट कडेवरून ओरडत होता, "ऊठ रे थॅड, झोपायला नाही दिला सदरा!"

शेवटी रॅन्समनं चेंडू थॅडियसच्याच पोटाशी दिला आणि सगळ्यांनी मागून खांदे लावले. माझी शिवण उसवत गेली, पण आम्ही समोरच्यांच्या शेवटच्या रेघेपलीकडे पडलो. साऱ्या हंगामातले आमचे पहिले गुण.

सामना हरलोच. समोरचा कप्तान हात मिळवत म्हणाला, "पुढच्या वर्षी आमच्याकडे या. या काडीपैलवानालाही आणा."

रॅन्समनं तोंड उघडण्याआधीच मागून मेबेन म्हणाले, "येऊ."

आता मी शिवणवर्गातल्या टेबलावर पसरलोय. मुली माझ्यावरून खडूनं नव्या सदऱ्यांचं माप घेताहेत. बायांनो, एवढंच सांगणं, माप घेऊन मला फेकू नका. पाठीचं कापड अजून मजबूत आहे. हंगामात कुणाच्या सदऱ्याचं कोपर फाटलं, तर ठिगळ माझ्यातूनच कापा.