क वर्गातला माल

त्या महिन्यात किल्लीवाल्यांच्या पायाला भिंगरी लागली होती. सकाळचं दूध तापवून झालं की चप्पल पायात, दुपारचे दोन घास घशाखाली उतरले न उतरले की पुन्हा चप्पल पायात. एका हातात कापडी पिशवी, खिशात छोटी वही आणि वहीला दोऱ्याने बांधलेली पेन्सिल. शेजारचा शिंपी मशीनवरून मान वर करून विचारायचा, "काका, आज किती दुकानं?" किल्लीवाले थांबायचे नाहीत. चालता चालता बोटं दाखवायचे. कधी तीन, कधी पाच.

हे नाव त्यांना कारखान्यात पडलं होतं. सदतीस वर्षं कोठारावर होते, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. त्यांच्या सहीशिवाय साधा खिळा बाहेर जायचा नाही. निवृत्त झाले तेव्हा किल्ल्या परत केल्या, नाव मात्र अंगाला चिकटून राहिलं. बायको गेल्यावर ते मुलाकडे आले आणि घरातलं वाणसामान आणायचं काम त्यांनी स्वतःहून अंगावर घेतलं. तेवढं एक काम होतं म्हणून माणूस शहाण्यासारखा वागत होता.

मग तो साबणाचा घोटाळा झाला. दोनावर एक फुकट मिळते म्हणून किल्लीवाल्यांनी चोवीस वड्या आणल्या, आणि ठेवल्या कुठे, तर तांदळाच्या डब्याला खेटून. आठ दिवस घरात साबणाच्या वासाचा भात. मुलगा गप्प जेवला, आठ वर्षांच्या नातीने, म्हणजे मुंगीने, नाक धरून जेवून दाखवलं. सुनेने कपाळाला हात लावला. दिवसभर कचेरीत टाइप करून तिची बोटं दुखत असायची, भांडायला त्राण नव्हतं. "बाबा, पुढच्या महिन्यापासून सगळं फोनवरून मागवते. तुमचीही दगदग नको," ती म्हणाली. ती चांगल्या मनाने म्हणाली, पण किल्लीवाल्यांना पुन्हा एकदा किल्ल्या परत केल्यासारखं वाटलं. कोठारात नवीन आलेल्या पोरालाही पहिल्या दिवशी हेच शिकवतात की वासाचा माल धान्याजवळ ठेवायचा नाही. आणि ही चूक त्यांनी करावी.

तो फोनवाला महिना कसा गेला ते त्यांचं त्यांना माहीत. सामान दारात यायचं, घंटा वाजायची, पोचवणारा पिशव्या ठेवून पसार. किल्लीवाले पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत जायचे, मागच्या खोलीतून पुढच्या. खिडकीची कडी काढायचे, लावायचे. कपाटातले डबे उंचीप्रमाणे लावून झाले, मग रंगाप्रमाणे लावून झाले. एकदा मुलाला फोनवर बोलताना त्यांनी ऐकलं, "नाही रे, खर्च भागतच नाही. घरात माणसं वाढली की असंच." मुलगा कुणाविषयी बोलत होता देव जाणे. पण घरात वाढलेलं माणूस एकच होतं, आणि ते भिंतीपलीकडे डबे लावत होतं.

महिनाअखेरीला ते सुनेसमोर जाऊन उभे राहिले. "अगं, एक महिना मला दे. फोनवरून आलं तेवढंच सामान, त्याच वस्तू, तुझ्यापेक्षा स्वस्तात आणून दाखवतो. जमलं तर काम माझं. नाही जमलं तर परत नाव काढणार नाही."

सून हसली. "पैज लावताय का, बाबा?"

"हो, पैज."

तिला ती गंमत वाटली. त्यांचा मात्र जीव टांगणीला लागला होता.

आता स्वस्त सामान आणणं म्हणजे काय हे ज्याने केलं नाही त्याला सांगून उपयोग नाही. मोठ्या दुकानात महागाचा माल डोळ्यांसमोर असतो आणि स्वस्ताचा पार तळाच्या फळीवर, गुडघ्याच्याही खाली. किल्लीवाले प्रत्येक फळीशी वाकायचे आणि उठताना फळीला धरून उठायचे. पाकीट तेवढंच ठेवून आतला माल कमी केलेला असतो, तेव्हा किंमत बघायची नाही, वजन बघायचं. डाळ घाऊक गल्लीत, भाजी संध्याकाळी, विकणाऱ्याला घरी जायची घाई झाल्यावर. तेल एका दुकानात, साखर दुसऱ्या, आणि दोन्हींच्या मध्ये वीस मिनिटांची पायपीट, कारण बसला पैसे पडले तर वाचवलं काय, कप्पाळ? गुडघे रात्री ठणकायचे, तरी सकाळी ते पुन्हा दारात हजर.

वहीत त्यांनी कारखान्यासारखेच तीन रकाने आखले होते. मुंगीला हा खेळ फार आवडायचा. ती मांडीवर येऊन बसायची आणि ते समजावायचे, "अ म्हणजे जे नसलं तर कारखाना बंद पडतो. ब म्हणजे जे नसलं तर चार दिवस ओढून नेता येतं. आणि क म्हणजे जे नसलं तरी कुणी विचारायला येत नाही."

"माझा खाऊ कशात?"

"अ मध्ये. कारखाना बंद पडेल ना."

चोवीस तारखेपर्यंत गाडी रुळावर होती. पंचवीसला तेल महागलं. एका रात्रीत, काही कारण नाही, सगळ्याच दुकानांत. किल्लीवाले सहा दुकानं फिरले, मग तीच सहा उलट्या क्रमाने फिरले, जणू उलट गेलं की भाव उतरणार होता. घरी येऊन हिशेब केला तर पैज हातातून गेलेली, आणि थोडक्यात गेलेली, याचंच जास्त वाईट वाटलं.

ते बसले, उठले, पाणी प्यायले, पुन्हा बसले. कारखान्यात पैसे कमी पडले की साहेब काय सांगायचे? क वर्गाला कात्री लावा. त्यांनी वही उघडली आणि प्रामाणिकपणे एकेक वस्तू बघितली. मुंगीचं दूध, अ. मुलाचा डब्याचा माल, अ. सुनेचा चहा, तो नसला तर घरात कुणाची खैर नाही, अ. मग कॉफी. कॉफी घरात एकटेच ते प्यायचे. गुडघ्याचं मलम, तेही एकटेच लावायचे. दाढीची पाती. बिनसाखरेची बिस्किटं. त्यांनी पेन्सिलीला थुंकी लावली आणि चारही वस्तू क मध्ये लिहिल्या. लबाडी आहे का ही, असं एकदा मनात आलं. पण जे आपण वापरणारच नाही ते आणायचं कशाला? चारींवर काट मारली. हिशेब बसला, जेमतेम बसला.

पुढचे पाच दिवस त्यांनी चहा घेतला. "हल्ली कॉफीने पित्त होतं," ते म्हणाले. दाढी वाढली तर म्हणाले, थंडी आहे. गुडघ्याविषयी काही म्हणाले नाहीत, फक्त खुर्चीतून उठायच्या आधी आसपास कुणी नाही ना ते बघायचे.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी दुपारी जमिनीवर चादर अंथरून सगळ्या पावत्या मांडल्या गेल्या. किल्लीवाले मांडी घालून बसले होते, एक पाय सारखा हलत होता. सून बेरीज करत होती, मुलगा दाराला टेकून उभा होता. सुनेने दोनदा बेरीज केली.

"बाबा, कमाल आहे. जिंकलात की."

मुलाने टाळी वाजवली. किल्लीवाल्यांना इतकं बरं वाटलं की ते पटकन उठायला गेले, आणि गुडघ्याने दगा दिला. अर्ध्यावर उठलेले ते तसेच खाली बसले. तोंडातून "आई गं" निघून गेलं.

"आजोबा, मलम आणू?" मुंगी धावली आणि कपाटाशी जाऊन थांबली. "ट्यूब तर रिकामी आहे."

"नवीन आणली असेल बघ," सून म्हणाली.

"नाही आणली. ती क मध्ये आहे."

"क मध्ये म्हणजे?"

किल्लीवाल्यांनी वही मांडीखाली सरकवली, पण मुंगीने ती ओढून आईच्या हातात दिली सुद्धा. वर समजावूनही सांगितलं, अगदी आजोबांच्याच आवाजात. "अ म्हणजे जे नसलं तर कारखाना बंद पडतो. क म्हणजे जे नसलं तरी कुणी विचारायला येत नाही. कॉफी, मलम, पाती, बिस्किटं. सगळी आजोबांचीच आहेत."

सून वाचत राहिली. मग तिने सासऱ्यांच्या वाढलेल्या दाढीकडे बघितलं, आणि तिचा चेहरा पडला. पाच दिवस ती रोज त्यांच्यासमोर बसून चहा पीत होती. मुलाने दारावरची पाठ काढली आणि तो खाली बघू लागला.

"बाबा, तुम्ही हरलात," ती म्हणाली. "मागच्या महिन्यात या चारही वस्तू आल्या होत्या. यादी अपुरी आहे."

किल्लीवाल्यांनी मान हलवली. ते कोठारवाले होते, नियम त्यांना कळत होता. "मग फोन सुरू कर," ते म्हणाले.

"सदतीस वर्षं कोठारात बसून हेच शिकलात?" ती चिडली, आणि तिला खरोखर रडू येत होतं म्हणून आणखी चिडली. "इथे पेन्सिल द्या."

त्यांनी दोऱ्यासकट पेन्सिल पुढे केली. तिने क च्या रकान्यावर उभी रेघ मारली. मग अ च्या रकान्यात, मुंगीच्या दुधाखाली, चारही वस्तू स्वतःच्या अक्षरात लिहिल्या. चारींच्या वर मात्र आणखी एक शब्द लिहिला, 'बाबा', आणि वही त्यांच्या मांडीवर ठेवली.

किल्लीवाल्यांनी त्या पाचही ओळींवरून बोट फिरवलं. हलणारा पाय थांबला होता.

"सामान तुम्हीच आणायचं," सून म्हणाली. "यादी मी तपासणार. आज मात्र कॉफी आणि मलम हा आणेल. तुम्ही बसा."

मुलगा पिशवी घ्यायला वळला, तेवढ्यात किल्लीवाल्यांनी मान वर केली. "चौकातल्या दुकानात घेऊ नकोस, तिथे महाग आहे. पलीकडच्या गल्लीत जा. तळाची फळी, डाव्या हाताला."

"वरच्या फळीवरची आण," सून नवऱ्याला म्हणाली.