गैरहजर बाईचा अंगठा

दुभाष्याने कागद वाचला, "जरीफा बिन्त मुस्तफा, मूळ राहणार ऐन हजल. गैरहजर."

"कोण गैरहजर? डोळे फुटले का तुझे? ही काय तुझ्या नाकासमोर उभी आहे मी!"

दुभाष्या सासून दोन वर्षांपूर्वीच बगदादहून यहुद्यांच्या या नव्या राष्ट्रात आलेला यहुदी. त्याची अरबी बगदादी वळणाची, पण बोलणं अदबीचं. लष्करी अंमलदाराच्या खुर्चीशेजारी तो अंग चोरून बसला होता. म्हणाला, "मावशी, तो कायद्यातला शब्द आहे. लढाईत जे गाव सोडून गेले ते गैरहजर. त्यांची जमीन सरकारजमा."

"गेले? कुठे गेले रे मी, बैरूतला? तोफा सुरू झाल्या म्हणून पोरं घेऊन ओढ्यापलीकडे तल अम्मारला बहिणीकडे गेले. अकरा दिवस राहिले. बाराव्या दिवशी परतले तर तुमच्या शिपायाने बंदूक रोखली. पाच वर्षं झाली, बहिणीच्या गच्चीवरून माझी बाग बघतेय. तुझे लोक दोन हजार वर्षांपूर्वी गेले म्हणता, ते हजर. आणि मी ओढा ओलांडला तर गैरहजर?"

सासूनने यातलं निम्मंच साहेबाला सांगितलं असावं, कारण साहेबाचा चेहरा हलला नाही.

"आई, हळू," मागून शाहीन कुजबुजला. जरीफाचा हा थोरला. हैफाच्या खाणीत दगड फोडायचा, आणि हैफाला जायचं तर याच साहेबाचा परवाना लागायचा. जुना आज संध्याकाळी संपत होता. घरी बायको आणि तीन लेकरं.

पण जरीफाला इथे आणलं होतं ते दुसऱ्याच गुन्ह्यासाठी. परवा पहाटे ती कुंपणाखालून सरपटत आपल्याच बागेत शिरली आणि सापडली. त्याला कारण अंजीर. मादी अंजिराला फळ धरायचं तर उन्हाळ्याच्या तोंडाला रानअंजिरं दोऱ्यात ओवून फांद्यांवर टांगावी लागतात. त्यातून चिलटं निघतात, फळात शिरतात, तेव्हा कुठे फळ टिकतं. तिच्या गावाच्या जागी वसवलेल्या नव्या वस्तीतल्या यहुदी लोकांना हे ठाऊक नव्हतं. चार वर्षं तिने गच्चीवरून हिरवी बोराएवढी फळं गळून पडताना पाहिली. ज्या झाडांसाठी माणसं हाकलली, ती झाडंसुद्धा नीट सांभाळता येईनात! यंदा तिला राहवलं नाही. कमरेला रानअंजिरांच्या माळा गुंडाळून ती गेली. नववं झाड चालू असताना पहारेकऱ्याने मनगट धरलं.

साहेब बोलू लागला आणि सासून सांगू लागला. "मावशी, बंद केलेल्या भागात विनापरवाना शिरलात, म्हणून कैद होऊ शकते. पण साहेब म्हणतात, या कागदावर अंगठा द्या. बागेवरचा हक्क सोडला आणि मोबदला पावला, एवढंच लिहिलंय. मग गुन्हाही मिटला आणि मुलाचा परवानाही आत्ताच मिळेल."

शाईचं पॅड तिच्यापुढे सरकलं. शाहीन तिच्या कानाशी वाकला. "आई, दे. बाग तशीही गेली. माझी रोजी जाईल."

"बाग गेली तर माझा अंगठा कशाला हवाय त्यांना?"

"तुझ्या हट्टापायी पोरं उपाशी निजतील."

हे तिच्या जिव्हारी लागलं. क्षणभर तिचा हात खरोखर पुढे आला. मग तो मागे घेऊन ती सासूनकडे वळली.

"तुर्काने कर घेतला, इंग्रजाने कर घेतला. घेताना कुणी म्हणालं नाही, बाई, तू गैरहजर आहेस. आता साहेबाला विचार. माळा टांगायला गेले तेव्हा मी हजर. कैदेत जायला हजर. हक्क सोडायला हजर. फक्त मालकीलाच कशी रे गैरहजर? आणि जी बाई इथे नाहीच, तिचा अंगठा तुम्ही कुठून आणणार?"

सासून समोरचे कागद सारखे करू लागला.

"सांग की! जीभ बगदादला राहिली का? तिथे घर होतं ना तुझं?"

"होतं," तो पुटपुटला. "कुलूप लावून सरकारने मोहोर ठोकली."

"मग तिथे तू कोण? हजर की गैरहजर?"

साहेबाने टेबलावर बोटं आपटली. ती काय म्हणते, विचारलं. सासूनने मान खाली घालून एकच वाक्य सांगितलं, "अंगठा देत नाही म्हणते."

शाहीनचा लिहून ठेवलेला नवा परवाना साहेबाने त्याच्या देखत फाडला. जरीफाला पंधरा दिवसांची कैद.

शेजारच्या चौकीत हवालदाराने कैद्यांची वही उघडली. इथेही अंगठा हवा होता. आपण होऊन तिने तो शाईत बुडवला आणि खालच्या पानावरही ठसा उमटेल इतका दाबला.

"आता लिहा," ती म्हणाली, "की ही बाई आज इथे होती. सरकारी वहीत लिहा."

हवालदाराला अरबी लिहिता येईना, म्हणून लेखणी सोबत आलेल्या सासूनकडे आली. नाव, वय, तारीख झाली. 'राहणार' या रकान्याशी तो थबकला. ऐन हजल हे नाव सरकारी नकाशावर आता नव्हतं. तो दबकत म्हणाला, "तल अम्मार लिहितो, मावशी. भानगड नको."

दारात शाहीन उभा होता. हातात परवान्याचे दोन तुकडे. आईकडे तो बघतसुद्धा नव्हता, इतका संतापला होता. तसाच तो आत आला आणि वहीवर बोट ठेवून सासूनला म्हणाला, "तल अम्मार माझ्या मावशीचं गाव. हिचं ऐन हजल. तेच लिही. आणि ठळक लिही."